वरची तर्री

शोभाबाईला हॉटेलात जेवायला न्यायचं म्हटलं की घरचे आधीच धास्तावायचे. ती खुर्चीवर बसतच नसे. पदर कमरेला खोचून सरळ भटारखान्याच्या दारात उभी. "मटन कोन्या गंजात शिजते? डाव अलग हाये का? अंड्याचा तवा कोनता अन् पोयीचा कोनता?" आचारी वैतागायचे, वेटर हसायचे, आणि टेबलावर बसलेली तिची सून सुरभी मेनूकार्डात तोंड घालून बसायची. नात आचल तर एकदा म्हणाली होती, "आजी, तुले सीबीआयमध्ये घ्याले पाह्यजे होतं."

सेलूकडच्या त्यांच्या गावात लोकांना वाटे, बाई फार धर्माची आहे. महानुभाव पंथाचा उपदेश घेऊन मांस-दारू कायमची वर्ज्य केलेली, भेटेल त्याला 'दंडवत प्रणाम' म्हणणारी. पण उपदेश घेतलेले गावात बरेच होते. लग्नाकार्यात, प्रवासात ते वरणभात मागवून जेवत, उगाच खोलात शिरत नसत. शोभाबाई खोलात शिरायची. तिचा धाक वेगळाच होता आणि तो तिनं सुनेला तर नाहीच, पोटच्या प्रफुललाही कधी सांगितला नव्हता.

तो धाक तिच्या नवऱ्याचा होता. चंद्रभानचा.

चंद्रभान दारू प्यायचा. आता प्रफुल वर्ध्याला पतसंस्थेत नोकरीला आहे, घर आहे, नवी गाडी आहे. पण शाळेत असताना याच प्रफुलनं बापाला नालीतून उचलून आणलेलं आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. बोर्ड लावून दारू कुठंच मिळत नाही, आणि गावाच्या नाल्यापल्याड एका घरी ती कधी बंदच झाली नाही. शोभाबाईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, ते त्याच वर्षांपासून. त्याबद्दल दोघंही बोलत नाहीत. फक्त चंद्रभान तेव्हापासून नेहमी तिच्या उजव्या अंगाला बसतो, उजव्या अंगानं चालतो.

त्यानं एकदा आपणहून सोडलीही होती. गळ्यात तुळशीची माळ घातली, मटण सोडलं, दारू सोडली. वर्षभर घर कसं घरासारखं झालं होतं. मग चुलतभाऊ नत्थूजीकडं नवसाचा बोकड कापला. माळकऱ्यांसाठी वांग्याची भाजी वेगळी होती. पण वाढणाऱ्यानं घाईघाईत मटणाचा डाव त्याच बादलीत बुडवला असावा, कारण चंद्रभानच्या पत्रावळीवर वांग्याच्या फोडीखाली हाड निघालं. पंगत खदखदून हसली. कोणीतरी ओरडलं, "झालं बुवा तुयं! आता काऊन राह्यतं, घे हानून!" चंद्रभाननं ते हाड बोटांत धरून पाहिलं. मग माळ काढली, बांधावरच्या बाभळीच्या काट्याला अडकवली आणि पत्रावळीवर मटण वाढून घेतलं. संध्याकाळी त्याला चौघांनी उचलून घरी आणलं. पुढची दोन वर्षं शोभाबाई आठवत नाही, आठवायचं नाही म्हणून.

त्या दोन वर्षांत एक गोष्ट मात्र तिला पक्की समजली. या माणसाला दारू समोरून येऊन धरत नाही. आधी मटणाची फट पडते, आणि त्या फटीतून ती आत शिरते. एकदा मोडलं की त्याच्या लेखी सगळंच मोडलं. म्हणून मग तिनं त्याला आश्रमात नेलं आणि दोघांनी जोडीनं उपदेश घेतला. तेव्हापासून सोळा वर्षं ती ती फट राखत बसली होती. लोकांना वाटे ती देव सांभाळते. ती डाव सांभाळायची.

यंदा प्रफुलनं नवी गाडी घेतली आणि माय-बापाला वाघ दाखवायचं मनावर घेतलं. "माय, ताडोब्याले चाल. दोन दिवस. आचलचीबी परीक्षा झाली." शोभाबाईनं पहिली गोष्ट विचारली, "कोन्या जिल्ह्यात येते?" "चंद्रपूर." चंद्रपुरात बंदी उठलेली आहे, हे तिला पेपर न वाचताही ठाऊक होतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं दुधात भिजवलेल्या दशम्यांची थप्पी लावली, जवसाची चटणी कुटली, मोठ्या स्टीलच्या डब्यात सगळं भरलं. सुरभी म्हणाली, "आई, रिसॉर्टवर जेवण पॅकेजमध्येच आहे." "असू दे वं. हे काई खायाले मांगत नाई," शोभाबाई म्हणाली.

रिसॉर्टात व्हायचं तेच झालं. जेवणाच्या हॉलच्या एका भिंतीला काचेचं कपाट, कपाटात आडव्या-उभ्या बाटल्या आणि त्यांच्यावर पिवळा उजेड. शोभाबाईनं चंद्रभानला उजव्या हाताला घेतलं आणि तशीच खोलीत परत आणलं. दोन्ही दिवस दोघं पलंगावर पेपर पसरून दशमी-चटणी खात होते. चंद्रभाननं कपाटाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं नाही, हे तिनं पाहिलं. वाघही दिसला. पाणवठ्यावर पाठ करून बसलेला, कान तेवढे हलत होते. आचलनं शंभर फोटो काढले. चंद्रभान हळूच म्हणाला, "आपला हरबा बैल असाच बसे."

परतीच्या वाटेवर वर्धा जिल्ह्याची पाटी आली, तशी शोभाबाईनं सीटला पाठ टेकली. दोन दिवसांत पहिल्यांदा टेकली. गिरड गेलं, समुद्रपूर गेलं. दुपार कलली होती. जामच्या चौकात गाडी आली तेव्हा सगळ्यांनाच भुका लागल्या होत्या.

"मले पनीर पाह्यजे," आचलनं आधीच सांगून टाकलं.

'शुद्ध शाकाहारी' पाटीच्या हॉटेलापुढं ट्रॅव्हल्सच्या दोन बसा उभ्या होत्या. माणसं हातात ताटं धरून उभ्यानं जेवत होती. प्रफुलनं गाडी तशीच पुढं घेतली आणि दुसऱ्या ढाब्यापाशी लावली. पाटीवर लिहिलं होतं, फॅमिली रेस्टॉरंट, व्हेज-नॉनव्हेज.

"दशम्या हायेत अजून," शोभाबाई म्हणाली. "झाडाखाली बसू. पानी हाये आपल्यापाशी."

"माय, नवी गाडी घेऊन झाडाखाली दशम्या खायच्या का? लोक का म्हनतीन?"

"लोकाइले का करायचं हाये?"

यावर चंद्रभानच बोलला. दोन दिवसांत तो फारसा बोललाच नव्हता. "आज तरी गरम खाऊ दे वं, शोभे. कोरडं खाऊ खाऊ घशाले चरे पडले." मग लहान पोरानं मागावं तसा म्हणाला, "पाटवडी रस्सा असन तर पाह्य ना."

पाटवडी म्हणजे त्याचा जीव. बेसनाच्या त्या वड्या आणि झणझणीत काळा रस्सा. मटण सुटल्यापासून त्याची सारी हौस पाटवडीवरच भागत होती. आणि हद्द ओलांडून आपल्या जिल्ह्यात आल्यामुळं असेल, दोन दिवस त्यानं कपाटाकडं न पाहिल्यामुळं असेल, शोभाबाईचं मन जरा सैल झालं होतं. ती उतरली. पदर खोचला.

"आजी, प्लीज, नको ना जाऊ आत," आचल म्हणाली. ती गेलीच.

आत दोन भट्ट्या होत्या. एकीवर मटणाची मोठी हंडी, दुसरीवर काळ्या रश्शाचा गंज. पाटवड्या वेगळ्या ताटात कापून ठेवलेल्या. आचारी जाडजूड, खांद्यावर टॉवेल, घामानं भिजलेला. त्यानं बिचाऱ्यानं सगळं दाखवलं. "हा व्हेजचा डाव. हा नॉनव्हेजचा. डाव टांगाचे खिळे बी अलग हायेत, माय. तेल सोयाबीनचं. आनखी का दाखवू?"

"नाई भाऊ. ठीक हाये." तिचं खरंच समाधान झालं होतं. "एक पाटवडी रस्सा करा. चांगला करा."

"वरून तर्री मारून देऊ का?"

"द्या ना. चांगली द्या. त्याइले लय आवडते."

ती हसत टेबलाशी येऊन बसली. सुरभीनं प्रफुलकडं पाहिलं. हॉटेल पास झालं होतं.

ताट आलं. पाटवडीवर लालभडक तवंग, वर कोथिंबीर. चंद्रभाननं रोटीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि थांबला. ताटाकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं.

"का झालं? तिखट हाये?" तिनं विचारलं.

"नाई," तो म्हणाला. "बेस हाये."

मग तो असा जेवला की प्रफुलसुद्धा पाहत राहिला. दुसरी वाटी रस्सा मागवला. बोटं चाटली. रोटीच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. शोभाबाई वरणभात खाता खाता त्याच्याकडं पाहत होती. तिनं त्याच्या ताटातली एक पाटवडी उचलून आपणही चाखली. कित्येक दिवसांत एवढं सुखाचं जेवण झालं नव्हतं, असं तिला वाटलं.

हात धुवायचा नळ भटारखान्याच्या खिडकीला लागून होता. साबण चोळता चोळता तिची नजर सहज आत गेली. आचाऱ्यानं दुसऱ्या कोणासाठी पाटवडीची प्लेट भरली होती. व्हेजच्या डावानं रस्सा वाढला. मग छोटी पळी घेतली, वळला आणि ती मटणाच्या हंडीत वरच्यावर फिरवली. लाल तवंग पळीत गोळा झाला. तवंगाखालून एक हाड उलटं होऊन वर आलं आणि पुन्हा बुडालं. पळी पाटवडीवर रिती झाली.

नळ चालूच राहिला.

"भाऊ," ती खिडकीतून म्हणाली. "हे तर्री त्या हंडीतली हाये?"

"मंग? पाटवडीच्या रश्श्याले येवढी तर्री कुठून येईन, माय? हंडीवरचीच मारा लागते. सारेच घेते." तिचा चेहरा पाहून तो गडबडला. "तुकडा तर नाई टाकत ना आमी. नुसतं वरचं तेल हाये."

"तुमी सांगतलं काऊन नाई मले?"

"तुमी डाव इचारला, तवा इचारला, तेल इचारलं. तर्रीचं मीच इचारलं, तं तुमीच म्हनलं ना, चांगली द्या म्हून."

हे खरं होतं. तिनं नळ बंद केला. हाताला साबण तसाच राहिला होता, तो पदराला पुसला.

बाहेर चंद्रभान बडीशेप चघळत उभा होता. "चेहरा काऊन उतरला वं?"

"ऊन लागलं."

गाडीत तो तिच्या उजव्या बाजूला बसला.

जाम मागं पडलं. वर्ध्याच्या रस्त्याला गाडी लागली. पुढच्या सीटवरून सुरभी मागं वळून म्हणाली, "आई, आज तुम्हालाही हॉटेल पसंत पडलं."

"मी म्हनतच व्हतो," प्रफुल बोलला. "आजकाल सारं अलगच असते, माय. तू उगाच शक घेत राह्यते."

"आजीनं आज पयल्यांदा कोन्या हॉटेलले फुल मार्क दिले," आचल म्हणाली आणि गाडीत हसू पिकलं. चंद्रभानही हसला. शोभाबाईनं खिडकीबाहेर तोंड केलं.

प्रफुलला सांगावं का? सांगितलं तर तो एकतर गाडी वळवून आचाऱ्याची गचांडी धरील, नाहीतर म्हणेल, येवढ्यानं का होते. दोन्ही त्याच्या बापाच्या कानावर पडणार. आणि बाप म्हणेल, मोडलं. नाही सांगितलं तर? आश्रमात उपदेश देणाऱ्या बाबांपुढं बसायचं कसं? प्रायश्चित्त घ्यायचं तर ते जोडीनंच घ्यावं लागेल, म्हणजे त्याला सांगावंच लागेल. तिला आपल्या जिभेवर ती एक पाटवडी अजून जाणवत होती; खाताना नुसती तिखट लागली होती. स्वतःचं तिला फारसं वाटत नव्हतं. स्वतःसाठी ती महिनाभर उपास करील. पण त्याच्या तोंडात ती तर्री तिनं आपल्या हातानं घातली होती. सोळा वर्षं दार राखलं आणि आतून कडी तिनंच काढली.

मग तिची नजर त्याच्या हाताकडं गेली. मांडीवर ठेवलेला उजवा हात. अंगठा पहिल्या बोटावर घासला जात होता, पुढं-मागं, पुढं-मागं. तंबाखू मळावी तसा. पण चंद्रभान तंबाखू खात नसे. हा अंगठा शोभाबाईनं फार वर्षांपूर्वी पाहिला होता. दिवस कलायला लागला की तो असा घासू लागायचा आणि मग माणूस पायात चपला सरकवायचा.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. अंगठा थांबला. तिनं हात काढला, तसा तो पुन्हा सुरू झाला.

वर्ध्यात सुरभी आणि आचल घरी उतरल्या. प्रफुल माय-बापाला गावाला सोडायला पुढं निघाला. पण गावाचा रस्ता नळयोजनेच्या पाइपासाठी खोदून ठेवला होता, गाडी फाट्याच्या पुढं जाईना. "तुमी दोघं जाता का पायी? मी पिशव्या घेऊन येतो संगं," तो म्हणाला.

"नोको. अंधार पडन, तू निंग," चंद्रभान म्हणाला. "येवढसं तर हाये. फोन करजो पोचला का."

गाडी वळून गेली. सूर्य बुडाला होता, पण उजेड होता. दोघं खोदलेल्या मातीच्या कडेकडेनं चालू लागले, तो उजवीकडं, ती डावीकडं. नाल्यावरच्या पुलियापाशी एक पायवाट फुटते. ती पल्याडच्या त्या घराकडं जाते. घरावर नुकताच दिवा लागला होता.

पुलियापाशी चंद्रभान थांबला. "तू चाल पुढं. मी येतो मांगून."

शोभाबाई चालली नाही. पिशवी खाली ठेवली आणि पुलियाच्या कठड्यावर बसली. "संगंच जाऊ."

"अवं, लघवीले बी जाऊ नोको का?"

"जा ना. मी हाये इथं."

तो गेला नाही. उभा राहिला. मग एकदम चिडून म्हणाला, "सोया वर्सं झाले, शोभे! अजून पहाराच?"

"हो."

तेवढ्यात पल्याडच्या वाटेनं ओमप्रकाश आला, गावातलाच, पाय जरा हवेत पडत होते. "चंद्रभानभाऊ! आले का? वाघ दिसला म्हनते?"

"दिसला."

"अन् मंग? भेव नाई वाटलं?"

"पाठमोरा व्हता," चंद्रभान म्हणाला. ओमप्रकाश हसत, तोल सावरत गावाकडं गेला. त्याच्यामागं वास राहिला. तो वास दोघांनाही आला.

मग चंद्रभान तिच्या उजव्या बाजूला कठड्यावर बसला. "ते तर्री मटनाची व्हती," तो म्हणाला.

शोभाबाईनं त्याच्याकडं वळून पाहिलं. "तुमाले कोनं सांगतलं?"

"कोन सांगीन? पयल्या घासालेच समजलं. मी का लेकरू हाये का?"

"अन् तरी खाल्ली? पुरी? वरून आनखी मांगवला?"

तो नाल्यातल्या कोरड्या दगडांकडं पाहत म्हणाला, "तू खुशीत पाहून राह्यली व्हती. म्हून पयला घास गियला. दुसरा माह्या खुशीनं गियला. तुले खोटं नाई सांगत. मंग वाटलं, आता झालंच तर पोटभर खाऊन पाहू. तेवढ्यावर भागते का."

"भागलं?"

"नाई." अंगठा बोटावर फिरत होता. "त्या घासापासून डोकं इकडंच हाये. गाडीत बसलो, तरी इकडंच. आता बी."

शोभाबाईला रडायला यायला हवं होतं. पण इतकी वर्षं ज्याला ती एकटीच घाबरत होती, ते त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती. नत्थूजीच्या पंगतीनंतर तो काही बोलला नव्हता, नुसता गेला होता. आज गेला नव्हता, बसला होता. पण किती वेळ बसेल, हे तिला सांगता येत नव्हतं, आणि त्यालाही नसावं.

"माहीच चूक हाये," ती म्हणाली. "मीच म्हनलं चांगली द्या म्हून. आश्रमात जाऊ. बाबाले सांगू, प्रायश्चित्त घेऊ दोघंबी."

"तर्री चुकून खाल्ली, हे सांगशीन तू. पुरी काऊन खाल्ली, हे मी कोन्या तोंडानं सांगू?"

पल्याडच्या घरी कोणीतरी मोठ्यानं हसलं. चंद्रभानची मान तिकडं वळली, आणि वळलेलीच राहिली. उठायच्या बेतात त्याचे पाय जमिनीला टेकले.

शोभाबाईनं पिशवीतून डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, ते तिनं दातांखाली पदर दाबून दोन्ही हातांनी ओढून उघडलं. दशम्या दोन दिवसांच्या, कडा कडक झालेल्या. तिनं एकीवर जवसाची चटणी पसरली आणि त्याच्यापुढं धरली.

"आता?" तो म्हणाला. "गयापर्यंत भरलं हाये माह्यं."

"तरी खा."

"भूकच नाई वं."

"भुकीसाठी नाई म्हनत. बसून खा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग दशमी घेतली. चटणी मांडीवर सांडली. पहिला तुकडा त्यानं कितीतरी वेळ चावला. दिव्याकडं पाहत चावला. पाय अजून जमिनीला टेकलेलेच होते. शोभाबाईनं दुसरीवर चटणी लावायला घेतली, हळूहळू, कडेपर्यंत.

"कोरडं लागते," तो म्हणाला.

तिनं बाटली दिली. तो पाणी प्यायला, पुन्हा तुकडा मोडला. अंधारात आता फक्त ते पल्याडचं घर तेवढं दिसत होतं.

"आनखी हायेत का?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. आवाज रडल्यासारखा होता.

"हायेत. पाच जनाच्या बांधल्या व्हत्या."

त्यानं हात पुढं केला. दिवा अजून चालूच होता. शोभाबाईनं डब्याचं झाकण पिशवीत टाकून दिलं आणि पुढची दशमी हातात घेऊन बसली.